कानावर न पडलेलं सुतक

१२ नोव्हेंबर, बुधवार

काय रे कागदा, ओळख विसरलास वाटतं! काल घसा सुकेपर्यंत तुला सांगितलं आणि आज पुन्हा कोरा चेहरा करून बसलायस. मी विसरले तर वय झालं म्हणतात. तू तर फोनमधला, तुला काय धाड भरलीय?

तर पुन्हा ऐक. मी बोलायचं, फोननं लिहायचं — नातीनं शिकवलंय. मला अक्षर येत नाही. आणि ती उघडून वाचणार नाही, शपथ घेतलीय. नात म्हणजे शमिका, माझ्या दयानंदची मुलगी. तिचा बँड आहे, 'दगडफूल'. नाव माझ्या मसाल्याच्या डब्यातलं, मला विचारलंसुद्धा नाही. अंडरग्राउंड बँड म्हणे. पूर्वीचे भूमिगत पोलिसांपासून लपायचे, हे घरच्यांपासून! ती गायला लागली की आधी कुकरची शिट्टी अडकते, मग कुकरच फुटतो. पण चार वर्षं झाली, पोरीनं सोडलं नाही.

परवापासून इंदिरानगरच्या स्टुडिओत पहिला अल्बम. पुढच्या बुधवारी संपायलाच हवा, कारण गुरुवारी प्रणीत — ड्रम बडवणारा — जर्मनीला नोकरीवर चालला. दुसरा बघा की, मी म्हटलं. "आजी, चालता चालता गुडघा बदलता येतो का?" म्हणाली. हल्ली येतो, म्हटलं. हसली नाही. म्हणजे काळजी खरी आहे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

दुपारी निपाणीहून पद्मावतीचा फोन. तिचे सासरे, आमचे आप्पाजी भावजी, पहाटे गेले. आमच्या ह्यांचे लांबचे चुलतभाऊ. दहन उरकलं, धावत येऊ नका, म्हणाली. दयाचा फोन लागत नाही, तुम्ही निरोप द्या काकू. सरी, बरं, म्हटलं.

आणि दिलाच नाही.

कसा देऊ? भाऊबंदकीतलं सुतक, दहा दिवस. देवापुढे दिवा नाही, गोड नाही, तळण नाही, फोडणीसुद्धा नाही, पुरुषांनी दाढी करायची नाही. आणि गाणं-वाजवणं तर मुळीच नाही. दया ह्या बाबतीत त्याच्या आजोबांच्या वरताण. दोन वर्षांमागे असंच कोणी गेलं तर ह्यानं साखरपुड्याचं आमंत्रण परत पाठवलं होतं. ह्याला कळलं की शमीचा अल्बम संपला.

पण सुतक कानावर पडल्यावर लागतं. जुनी माणसं हेच सांगायची — ऐकलं नाही, तोवर नाही. तर घरात ऐकलंय फक्त मी. मीच पाळते. आता तुझ्याही कानावर घातलं म्हणजे तुलाही लागलं बघ! सहन कर.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज स्टुडिओतलं काम सुरू झालं. शमी पाया पडायला वाकली. हात वर उचलला आणि मध्येच थांबवला, सुतकात आशीर्वाद देत नाहीत. "काय झालं आजी?" खांदा धरलाय, म्हटलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

बसवत नाही. फोन वाजला की आधी मी. दोनदा कुणी घर विकायचंय का विचारत होतं, एकदा पद्मावती. ऐकू येत नाही असं नाटक केलं. बहिरी होण्यातही कष्ट आहेत.

शमीनं मित्रांसाठी डबा मागितला. माझ्या हातचं थालीपीठ, स्वल्प लोणी. सुतकाच्या घरचं चार पोरांना कसं घालू? हॉटेलात खा, म्हटलं. ती माझ्या कपाळाला हात लावून गेली, ताप आहे का बघायला.

१६ नोव्हेंबर, रविवार

सून माहेरी धारवाडला, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, म्हणून स्वयंपाक माझ्या हातात. पित्ताचं निमित्त करून सगळं बिनफोडणीचं करते. दया एरवी मिरचीशिवाय घास गिळत नाही, पण गप्प जेवतो. हे दोन दिवस पूजाही माझ्यावर टाकून ऑफिसला पळाला. आज रविवार, तरी देवघराकडे फिरकला नाही. दाढीही वाढलीय. बँडात जायचा विचार आहे का, विचारलं. हसला नाही. लेकीच्या गाण्यावर रुसलाय.

चोरी सापडली नाही म्हणून देवाला हात जोडायला गेले. दाराशी आठवलं — जोडायचे नाहीत!

संध्याकाळी शमीनं कानाला लावून ऐकवलं. निम्मं मराठी, निम्मं कन्नड, बाकीचं दगडफेक. पण मध्ये सगळं थांबतं आणि ती एकटीच हळू गाते. तेवढंच पुन्हा लाव म्हटलं. आप्पाजी भावजींनी आमच्या लग्नात वाजंत्र्यांना झोपू दिलं नव्हतं. त्यांना हे चाललं असतं. असतं ना? तू तरी बोल.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

शेवटचं गाणं राहिलं. हॉटेलच्या खाण्यानं शमीचा घसा बसलाय. पाप माझं, शिक्षा तिला!

१९ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी राहवलं नाही. पोरीला फोडणीचं वरण आवडतं, शेवटच्या गाण्याला तरी पोटात जाऊ दे म्हटलं. कढल्यात तेल ठेवलं. मोहरी हातात घेतली आणि मागून दयानं गॅस बंद केला.

"आई, भाऊबंदांच्या ग्रुपवर आलं होतं. त्याच दिवशी."

बातमी कानानं येते, एवढंच मला ठाऊक. लिहूनही येते, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. मी त्याच्या दाढीकडे बघत राहिले. म्हणजे ह्या घरात दोघं पाळत होतो, एकमेकांपासून लपवून.

शमीला? मी विचारलं.

"तिला नाही सांगितलं. गाऊ दे." मग शमीचा जेवणाचा डबा माझ्यापुढे सरकवला. "बाकीच्यांना हॉटेलचं चालेल. तिला घरचा वरण-भात पाठव, मऊ. फोडणी नको."