पन्नास माणसांचा दर

सोमवार, १ तारीख

धाकटे, आधी खुशाली सांग. तुझी कंबर कशी आहे? भाऊजींचा खोकला गेला, की अजून नगारा वाजतोय? थोरल्या सूनबाईचे दिवस भरत आले असतील, तिला जिने चढू देऊ नकोस. नातवाचा पुढचा दात आला का? मी रोज थोडं थोडं लिहीन आणि पानं जमली की तुला धाडीन. नाहीतर म्हणशील, म्हातारा नोकरीला लागला आणि बहिणीला विसरला.

तर नोकरी लागली. सगळा जन्म लोकांची कुलपं उघडण्यात गेला, आणि आता राखणदार झालोय तो एकही कुलूप नसलेल्या इमारतीचा. दाराबाहेर एक काळी पेटी आहे. तिला कार्ड टेकवलं की दार सरकतं आणि एक गोड आवाज नाव घेऊन स्वागत करतो. बाहेर जाताना आतल्या पेटीला टेकवायचं. सगळा कारभार दूर कुठल्या कंपनीच्या संगणकातून चालतो. दार आपलं, पण उघडायची अक्कल भाड्याची. तुझी वहिनी त्या आवाजाला म्हणाली, बाई गं, तू तरी चहा घे.

खोली तळमजल्यावर, दाराला लागून. खिडकीत छान ऊन येतं. वहिनीने आल्या आल्या दोन कुंड्या तिथे मांडल्या. या वयात डोक्यावर छप्पर मिळालं, अजून काय हवं?

बुधवार, ३

सेक्रेटरीबाईंनी आज खरं काम समजावलं. बाई मनाने चांगल्या, पण पैशाच्या बाबतीत मुंगीच्या तोंडातली साखर काढतील. कंपनी दरमहा माणशी वर्गणी घेते. पन्नास माणसं असली तर दर कमी. एक जरी कमी पडलं तर सगळ्यांचा जवळजवळ दुप्पट. ज्याचं कार्ड महिनाभर पेटीला लागत नाही, त्याचं नाव आपोआप गळतं. इथे तर पन्नास माणसं उरलीच नाहीत. म्हणून जी वारली, त्यांची कार्डं बाईंनी डब्यात जपून ठेवली आहेत. मी दर शनिवारी ती पेटीला टेकवायची. बाहेरची पेटी माझ्या खिडकीलगतच आहे, गजांतून हात काढला की पोचतो. खुर्चीवरून उठायलासुद्धा नको.

मी विचारलं, बाई, हे पाप तर नाही ना? त्या म्हणाल्या, काका, मेलेल्यांचं काय जातंय? जिवंतांचे वाचतायत.

माझं कार्ड पहिल्याच दिवशी मिळालं होतं. वहिनीसाठी वेगळं मागितलं, तर म्हणाल्या, नवं कार्ड म्हणजे नवा खर्च. चौथ्या मजल्यावरच्या गाणाऱ्या आजी गेल्या वर्षी वारल्या, त्यांचं कार्ड वहिनीला दिलं. आता दार तिला आजींच्या नावाने हाक मारतं. वहिनी हसते. म्हणते, चला, या वयात बारसं झालं.

शनिवार, ६

डब्यातली कार्डं टेकवली. तिसऱ्या मजल्यावरचे शिंपीकाका, दोघी जुळ्या बहिणी, निवृत्त मास्तर, असे बरेच. दर वेळी स्वागत व्हायचं, दार सरकायचं, थांबायचं, मिटायचं. रिकाम्या दाराकडे बघून मीही मान लववली. आलेल्याला नमस्कार करायला काय जातं?

शनिवार, २०

आजही कार्डं झाली. पाचव्या मजल्यावरची नर्स तक्रार घेऊन आली. लिफ्टमध्ये ती एकटी होती, तरी वजन जास्त झाल्याची घंटी वाजत राहिली. मी थट्टा केली, पोरी, जेवण जरा कमी कर. ती हसली नाही. म्हणाली, काका, आत दाटी होती. दाटी लागत होती अंगाला.

बुधवार, २४

भर दुपारी तिसऱ्या मजल्यावरून शिलाई मशीनचा आवाज. शिंपीकाकांचं घर तर ते वारल्यापासून बंद.

जुन्या राखणदाराला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं: कार्डं आतल्या पेटीलाही टेकवतोस ना? बाहेरच्या पेटीला टेकवलं की आले, आतल्या पेटीला टेकवलं की गेले. मी म्हटलं, मला कुणी सांगितलंच नाही. कुलूप एकदा उघडलं की उघडलं, एवढंच माझ्या हाताला ठाऊक.  तो म्हणाला, पाहुणा बोलावला तर त्याला निरोपही द्यायचा असतो, दादा. आणि फोन ठेवला.

डबा घेऊन आतल्या पेटीपाशी गेलो. शिंपीकाकांचं कार्ड टेकवलं. दार उघडलं. कुणी गेलं नाही. दार मिटलं. तो गोड आवाज म्हणाला, आपण अजून आत आहात.

सगळ्यांचं तेच.

शुक्रवार, २६

बाईंनी कंपनीला फोन लावला. तिकडची मुलगी लाघवी. म्हणाली, अभिनंदन, तुमच्याकडचा वापर वाढलाय, काही सदस्य तर दिवसभर दारं उघडतात. बाईंनी सांगितलं, ते वारलेत. ती म्हणाली, आमच्याकडे तसं दिसत नाही.

बाईंनी सगळी कार्डं रद्द करायला सांगितली. रद्द होत नाहीत. जे आत असतात त्यांचं नाव काढता येत नाही, असा नियम आहे.

मंगळवार, ३०

आज नर्स कामावरून आली. मी खिडकीतून बघत होतो. तिने कार्ड टेकवलं. स्वागत झालं. दार सरकलं, आणि तिने पाऊल उचलायच्या आत मिटलं. पुन्हा टेकवलं. आपण आत आहात. ती रस्त्यावर उभी. वर पाचव्या मजल्यावर तिच्या घराची खिडकी कुणीतरी उघडली.

संध्याकाळपर्यंत सेक्रेटरीबाई. मग बाकीचे. जो बाहेर गेला तो बाहेरच. घरी बसलेले उरले होते, तेही घाबरून सामान घेऊन निघाले. त्यांना दाराने सुखाने जाऊ दिलं.

आम्हीच शिकवलं त्याला. माणूस नसला तरी चालतो, नाव पुरतं.

मी वहिनीला म्हटलं, सकाळी आपणही निघू.

बुधवार, १

वहिनी बोचकं घेऊन पुढे झाली. कार्ड टेकवलं, बाहेर पडली. मग मी. लाल दिवा. पुन्हा लाल. महिनाभर मी या खुर्चीत बसून सगळ्यांची कार्डं टेकवली, माझं एकदाही नाही. माझं नाव गळलं.

ती मला घ्यायला परत फिरली. मी ओरडत होतो, नको, टेकवू नकोस. तिने टेकवलं. आजींच्या नावाने स्वागत झालं. दार सरकलं — मिटलं —

ती बाहेरच आहे.

बुधवार, दुपार

डब्यातलं एकेक कार्ड आतल्या पेटीला लावून पाहिलं; दार सरकायचं आणि पाऊल टाकायच्या आत मिटायचं. मग पेटीच उघडली. आत कुलूप नाही. नुसत्या वायरी, भिंतीत वर गेलेल्या. माझ्या हाताला धरायला काही नाही. स्टूल मारलं दाराच्या काचेवर. ओरखडाही नाही.

पोलीस येऊन गेले. कंपनीने त्यांना सांगितलं, पन्नास जण आत सुखरूप आहेत, कुणाची तक्रार नाही. मी गजांतून हात हलवला. त्यांनी माझं नाव यादीत शोधलं. नव्हतं. बाईंना म्हणाले, हा कोण?

आत सगळी नावं आहेत, माणूस मी एकटा.

गुरुवार, २

बाकीचे पांगले. ती खिडकीखाली बसून आहे. तिचा हात धरून लिहितोय. वाकडं येतंय अक्षर.

जिन्यात गर्दी. खाली येतायत. सावकाश, म्हाताऱ्या माणसांसारखी.

गुरुवार —

कुणीतरी गातंय. आधी चौथ्यावर होतं. आता खोलीत. माझ्या पाठीशी. मी वळत नाही. हिलाही तिकडे बघू देत नाही.

ती म्हणते, तुम्ही इथे असताना मी कुठे जाऊ? तूच सांग तिला. ही पानं तिच्या हाती देतोय. तिला तुझ्याकडे ठेवून घे. गुडघ्याला शेक लागतो तिच्या. इकडे परत येऊ देऊ नकोस. काही झालं तरी ते कार्ड

हात सोडवत नाही —

खुर्ची मागे ओढली कुणी. मी उभाच आहे.

धाकटे, पत्र लवकर लिही. पोचलं नाही तरी लिही. पाकिटावर माझं नाव घाल, पूर्ण नाव, ठळक. इथे आता मला कुणी