हट्टी लाल

३ फेब्रुवारी

नोटीस! मला! माझ्याच रंगाला मी त्याच्या नावानं हाक मारायची नाही! पंधरा दिवसांत दुकानावरची पाटी उतरवा, नाहीतर कोर्टात या.

‘हट्टी’ हे म्हणे एका कंपनीचं नोंदवलेलं नाव. आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरही या लालला हट्टी म्हणतं. कारण तो कुणाचं ऐकत नाही, ना उन्हाचं ना साबणाचं. रुमाल फाटतो, रंग सुटत नाही. कंपनीला हे नाव कोणत्या झाडाखाली सापडलं?

पोस्टमननं सही मागितली तेव्हा मी रंगाच्या कढईवर होते. पाकिटावर माझी पाच बोटं उमटली. लाल. बरं झालं.

४ फेब्रुवारी

दादा रंगाऱ्यांच्या संघाचा अध्यक्ष आहे, पण त्याआधी माझा थोरला भाऊ. त्यामुळे समजूत घालायच्या ऐवजी ओरडला. “तिला घरात घेतलं कुणी? तूच ना?”

हो. मीच. ती वहीवाली. दोन वर्षांपूर्वी आली, तीन आठवडे भट्टीशेजारी स्टुलावर बसून होती. “मावशी, मुळ्या किती? मावशी, तुरटीत किती वेळ?” मला काय कौतुक! आपल्याच पोरींना शिकायचं नाही, ही तरी विचारते. पाणी किती गरम, असं तिनं विचारलं तर मी तिचा हातच धरून कढईत बुडवला. म्हटलं, “हाताला सोसेल पण नको वाटेल, इतकं.” “वा!” म्हणाली आणि लिहून घेतलं. माझ्या ताटातलं जेवली. जाताना गळ्यात पडून रडली!

ती कंपनीची होती. घरभेदी मी.

७ फेब्रुवारी

वकीलबाईंकडे गेलो. सायकलच्या दुकानावर ऑफिस, खुर्चीचा एक पाय आखूड. पैसे घेत नाहीत, पण बोलतात फटकळ.

कंपनीनं दोन उद्योग केलेत. नाव स्वतःच्या नावावर करून घेतलं, आणि रंगवायच्या पद्धतीवर पेटंट मागितलंय. वकीलबाईंनी तो अर्ज वाचून दाखवला. “क्षारयुक्त पाणी” — आमची चुनखडीची विहीर! “तापमान पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस अंश” — अहो, तो माझा हात आहे! माझ्या हाताचं पेटंट काढतायत!

वकीलबाई म्हणाल्या, “ओरडू नका. पेटंट नव्या गोष्टीला मिळतं. ही जुनी आहे एवढं दाखवलं की ते पडलं. नाव तुमच्यात आधीपासून चालतं हे दाखवलं की तेही गेलं. आणि आपण भौगोलिक मानांकनासाठी अर्ज करू. ते एका माणसाचं नसतं. वस्तू जिथली, तिथल्या कारागिरांचं असतं.”

“मग झालं की! सगळ्या गल्लीला विचारा!”

“गल्ली चालत नाही. कागद लागतो. कंपनीच्या अर्जाच्या आधीच्या तारखेचा.”

१२ फेब्रुवारी

सरकारी ऑफिस. चार तास बाकावर. साहेबांनी विचारलं, “तुमच्या आईनं ही पद्धत कुठे लिहून ठेवली होती का?”

आईला सहीसुद्धा येत नव्हती. मी म्हटलं, “साहेब, तुम्ही चालायला शिकलात त्याचा कागद आहे का तुमच्याकडे?”

दादानं टेबलाखालून असा चिमटा काढला की अजून काळानिळा आहे.

१३ फेब्रुवारी

पाटी उतरवली नाही. उतरवणार नाही. या म्हणावं!

१९ फेब्रुवारी

घरोघरच्या ट्रंका उपसल्या. दादा एक फोटो नाचवत आला, “सापडला पुरावा! आत्याच्या डोक्याला हट्टी रुमाल!” फोटो ब्लॅक अँड व्हाइट! दोघंही वेड्यासारखे हसलो. मग तो म्हणाला, “आता काय करायचं गं?” त्याला असं विचारताना मी कधी पाहिलं नव्हतं.

२२ फेब्रुवारी

दुपारी दारात खालच्या गल्लीतली म्हातारी. तिथली माणसं कपडे धुण्याची कामं करतात. आमच्याकडे येत नाहीत, आम्ही तिकडे जात नाही. का, ते मी कधी विचारलं नाही.

“कागद शोधताय म्हणे.”

“हो आजी.”

तिनं प्लास्टिकच्या पिशवीतून घड्या घातलेले कागद काढले. “घे. सगळं वाच हं. अर्धं नको.” बसा म्हटलं, बसली नाही.

घाईत दुसरं पानच आधी हाती आलं. टाइप केलेलं, नगरपालिकेचा गोल शिक्का, सेहेचाळीस वर्षांपूर्वीची तारीख. आणि त्यात सगळं! मुळ्यांच्या सालीचं पाणी, तुरटी, चुनखडीची विहीर. नाव — “हट्टी लाल.” आणि पुढे — “पाणी हाताला सोसेल पण नको वाटेल, इतके गरम.” माझं वाक्य! जसंच्या तसं! मी उड्या मारल्या. या वयात! वकीलबाईंना फोन केला, त्या म्हणाल्या, “जिंकलो.”

मग पहिलं पान वाचलं.

२३ फेब्रुवारी

काल पुढे लिहवेना. आज लिहिते.

पहिलं पान म्हणजे तक्रार. खालच्या गल्लीनं नगरपालिकेकडे केलेली. “हा रंग आमचा. वरच्या गल्लीतील लोक आमच्या हाताखाली शिकले. आता त्यांनी संघ काढला आहे. आम्हांस सभासद करीत नाहीत. विहिरीस कुलूप लावले. कला आमची आहे हे कळावे म्हणून पद्धत पुढील पानावर लिहून देत आहोत.”

वरची गल्ली म्हणजे आम्ही.

मागे टाचणीनं संघाचं उत्तर लावलेलं. एकच ओळ. “या लोकांना रंगकामातले काही कळत नाही.” खाली अध्यक्षांची सही. शेवटच्या अक्षराची शेपटी लांब ओढलेली. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर दर वर्षी असायची ती सही. बाबांची.

म्हणजे ते वाक्य माझं नाहीच. आईचं म्हणून मी मिरवत होते. आईनं ते कुणाच्या कढईशेजारी बसून ऐकलं?

२४ फेब्रुवारी

दादा म्हणतो, “दुसरं पान पुरे. शिक्का त्याच्यावरही आहे. पहिलं कशाला दाखवायचं?”

“कंपनीनंही हेच केलं. कामापुरतं घेतलं.”

“तू बाबांना चोर म्हणतेस?”

“मी नाही, कागद म्हणतोय.”

त्यानं हातातली पळी भिंतीवर भिरकावली. “संघ मोडेल! घराची अब्रू चव्हाट्यावर आणशील! त्यांना आता रंगवता तरी येतं का?”

“कुठून येणार? कुलूप आपण लावलं!”

तो गेला. तीन आठवडे चोर चोर ओरडून घसा बसलाय. आता तो शब्द उच्चारला की दाताखाली खडा येतो. राग तर तसाच आहे, उलट वाढलाय. कंपनीचा आहे, दादाचा आहे, बाबांचा आहे. बाबा तर गेलेले, त्यांच्यावर कसा काढू? फोटोवर?

सगळ्यात जास्त माझा. मला दिसत नव्हतं का? चाळीस वर्षं त्या विहिरीचं पाणी ओढतेय, एकदाही विचारलं नाही की खालची माणसं इथे का येत नाहीत.

२६ फेब्रुवारी

खालच्या गल्लीत गेले, म्हातारीशी आणि तिच्या माणसांशी बोलले. ती एवढंच म्हणाली, “वाचलंस तर मग.”

तिथून वकीलबाईंकडे. दोन्ही पानं दिली. बाबांचं उत्तरही. त्यांनी चष्मा पुसला, परत वाचलं.

“मानांकनाच्या अर्जावर नाव कुणाचं घालू?”

“खालच्या गल्लीचं.”

“आणि तुम्ही?”

“आम्ही शिकलेले. तसंच लिहा.”

२ मार्च

दादा बोलत नाही. वहिनी मान फिरवते. संघातून माझं नाव कमी केलं. करा! दोन रंगारी भेटून गेले, मागच्या दारानं. म्हणाले, “तू बरोबर केलंस, पण आमचं नाव सांगू नकोस.” वाघच!

९ नोव्हेंबर

निकाल लागला. कंपनीचं पेटंट फेटाळलं, नोंदवलेलं नाव रद्द. ‘हट्टी’चं मानांकन खालच्या गल्लीला. यापुढे ते नाव ज्याला वापरायचं असेल त्यानं आधी त्यांची संमती घ्यायची.

सकाळी तसा अर्ज भरला आणि म्हातारीच्या दारात उभी राहिले. तिनं कागद घेतला, सगळा वाचला. “बघते,” म्हणाली. आणि दार लावून घेतलं.