दवाखान्याचा कोट

मी, गल्लीत जिला सगळे कोटवाली म्हणतात ती शिंपीण, वय वर्षे त्रेसष्ट, डोकं ठिकाणावर आणि नजर अजून सुईत दोरा ओवण्याइतकी शाबूत असताना, राजीखुशीने लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. सूनबाई शेजारी काजं करत बसली आहे, पण ती बोलतेच कुठे.

कलम पहिलं. राहती खोली पोटमाळ्यासह मुलाच्या आणि सुनेच्या नावे, समान हिश्शाने. मुलाने एकट्याने ती विकू नये. कोणी गोड बोललं की तो कशावरही सही करतो, बापावर गेला आहे.

कलम दुसरं. शिवणयंत्र सुनेचं. मोठी कात्री धाकट्या दिरांना द्यावी. त्यांनी ती मागितली तेव्हा मी दिली नव्हती, म्हणून माझे यजमान गेले त्या दिवशी ते दारातूनच परत फिरले. आता खुशाल न्यावी. धार मात्र लावून मिळणार नाही.

कलम तिसरं, कोटाचं. पुलाखालच्या आमच्या गल्लीत सगळे परमुलखातून आलेले, रंगाने काळे, हातावर पोट असलेले. टेकडीवरच्या दवाखान्यात आम्ही गेलो की डॉक्टर मान वर न करता गोळ्या लिहून देतात. यजमान छातीत दुखतं म्हणून सांगत राहिले आणि पित्ताच्या गोळ्या घेऊन परत येत राहिले. ते गेल्यावर मी एका गिऱ्हाइकाच्या उरलेल्या उंची कापडाचा राखाडी कोट शिवला. तो घालून गेलेल्या शेजारणीला डॉक्टर चक्क "बसा" म्हणाले. एक नूर आदमी, दस नूर कपडा! तेव्हापासून आजारी पडेल त्याचा तो कोट. बाह्या आत दुमडलेल्या आहेत, ज्याच्या त्याच्या मापाने सोडायच्या.

मला एक स्वप्न नेहमी पडतं. कोट एकटाच टेकडी चढतो, आत कोणीच नाही. दारं आपसूक उघडतात, नर्स त्याला खुर्ची देते, आणि डॉक्टर नळी लावून त्या रिकाम्या छातीचे ठोके ऐकतात, बराच वेळ, फार मायेने. बाहेर आमची सगळी गल्ली पायऱ्यांवर उभी असते. कोणी रागावत नाही. ऊन कापसासारखं अंगावर पडत असतं आणि आम्हाला नुसती झोप येत असते.

गेल्या खेपेला सूनबाईचे दिवस भरले तेव्हा कोट पोटावर बसेना. ती घरच्या कपड्यांत गेली. कळा येत असताना तिला बाकावर बसवून ठेवलं. तुम्हा लोकांना सोसतं, असं डॉक्टर म्हणाले. बाळ आतच गुदमरलं. मुलगी होती. मला अजून तिच्यासाठी रडू येतं.

आता सूनबाईला पुन्हा दिवस गेले आहेत. म्हणून मी कोट उसवला आहे, दोन्ही बाजूंना पट्ट्या घालते आहे. शिवाय माझ्या छातीत गाठ आहे. पण कोट उसवलेला, मग दाखवायला जाणार कशी? म्हणून राहून गेलं. ही ओळ लिहीत असताना सूनबाईने ती माझ्या खांद्यावरून वाचली.

"आई, तो कोट बाजूला ठेवा," ती म्हणाली. "उद्या दोघी जाऊ, आहोत तशा."

आपलं ऐकणार कोण, असं मी विचारलं.

"मागच्या वेळी मी गप्प बसले. आता नाही बसणार. तुम्हाला नीट तपासेपर्यंत मी तिथून हलणार नाही. आणि माझ्या वेळी तुम्ही हलायचं नाही."

मी कोट यंत्रावरून काढून बाजूला ठेवला. यंत्राचं चाक उगीचच थोडं फिरून थांबलं.

तेव्हा कोट साऱ्या गल्लीच्या नावे करते. तो गल्लीतल्या इस्त्रीवाल्याने सांभाळावा. पट्ट्या अर्ध्या राहिल्या तर कोणाही शिवणाऱ्या हाताने पुऱ्या कराव्यात. सुनेला तो घालण्याची सक्ती कोणी करू नये, मुलाने तर नाहीच.

येणेप्रमाणे माझं सगळं वाटून झालं. नातवंडाचं तोंड पाहायची इच्छा मात्र मी कोणाच्याही नावे करत नाही. ती माझ्याकडेच राहील.

लिहून ठेवणार: कोटवाली (सही)
साक्षीदार: १. शेजारीण, भिंतीपलीकडची (अंगठा)
२. किल्ल्या बनवणारा, कोपऱ्यावरचा (सही)
स्थळ: शिवणाची खोली, खिडकीपाशी
दिनांक: ४ नोव्हेंबर