गळक्या फ्रिजचे हप्ते

प्रिय स्वरदा,

हे पत्र तुला देणार नाही. सुनेची माफी मागायची मला सवय नाही.

दुकानदार गळका फ्रिज बदलून देईना, म्हणून मी तत्त्व म्हणून हप्ते थांबवले. फ्रिजचं कर्ज तुझ्या नावावर होतं, हे लक्षातच घेतलं नाही. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी तू केलेला कर्जाचा अर्ज बँकेने त्यामुळेच फेटाळला.

तू एवढंच म्हणालीस, “आई, हप्ते मी भरते. भांडण तुम्ही चालू ठेवा.”

अंबडच्या कंपनीतली नोकरी सांभाळून तू थकबाकी फेडलीस, सहा महिने थांबून पुन्हा अर्ज केलास. काल कर्ज मंजूर झालं. एवढी चिकाटी माझ्यात नाही.

आज हॉस्पिटलमध्ये नर्सने विचारलं, “संमतीपत्रावर नातेवाईक म्हणून सही कोण करणार?” मी मुलाचं नाही, तुझं नाव सांगितलं.

तुझी हट्टी सासू,
कुमुदिनी