अर्धा चमचा मीठ

दादा,

डॉक्टरांनी आप्पांच्या आहाराचा कागद माझ्या हातात दिला, कारण घरात वाचता एकट्या मलाच येतं. त्यात दिवसाला अर्धा चमचा मीठ लिहिलं होतं. मला वाटलं, अजिबात नसलेलंच बरं. सगळी थंडी मी त्यांना गाजराचं, पालकाचं अळणी सूप दिलं.

आई म्हणायची, "अगं, चिमूटभर तरी घाल." मी कागद पुढे करायची. आप्पा हसायचे, "मास्तरीणबाई म्हणतील तसं."

परवा ते गेले. अंगातलं मीठ फार उतरलं होतं, असं डॉक्टर मला म्हणाले.

आई येईल त्याला सांगते, "पोरीनं कागदाबाहेर काही केलं नाही." मी कागदाची घडी आणखी बारीक करते.

हे पत्र तुला दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं लागेल, म्हणून टाकत नाही.

तुझी शिकलेली बहीण