देवयानीचा फोटो आणि मोजणारीचे नाव

मी हिरामण श्रावणजी सोमकुंवर, वय ५३, धंदा घड्याळदुरुस्ती, राहणार सौंसर, बुद्धी ठिकाणावर असताना, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर आपल्या मनाने हे लिहून ठेवतो. येत्या सोमवारी नागपूरला माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. हात अजून थरथरत नाही, हे अक्षरावरून दिसेलच.

१. घर आणि बँकेतली शिल्लक पत्नी इंदूची. दुकान व हत्यारे मुलगी प्रतिभाची. चिमटे तेल लावूनच ठेवावेत.

२. थोरले बंधू भाऊराव यांना दुकानातले भिंतीवरचे घड्याळ. ते तीन मिनिटे पुढे आहे असे ते गावभर सांगतात. घड्याळ बरोबर आहे. बस त्यांची चुकते. मात्र ताऱ्यांचे फोटो काढायच्या माझ्या यंत्रासाठी सागाच्या दोन फळ्या त्यांनीच दिल्या. त्यांचे उपकार मी विसरलो नाही.

३. ते यंत्र, म्हणजे बिजागरीने जोडलेल्या त्या फळ्या व वरचा कॅमेरा, प्रतिभाला. बिजागरीपासून बोल्ट बरोबर नऊ इंचांवर, त्याचा आटा एक मिलिमीटरचा. मिनिटाला बोल्टला एक फेरा दिला की वरची फळी हळूहळू उघडते नि कॅमेरा ताऱ्यांबरोबर सरकतो. हे मला कोणी शिकवले नाही.

फिल्मचा नियम असा. चंद्र नि ठळक तारे यांना बारीक दाण्याची. अंधूक तेजोमेघ, दीर्घिका यांना जाड दाण्याची. तिच्यावर थोडक्या उजेडातही चित्र उमटते, तपशील थोडा जातो. हवा थरथरत असेल तर बारीक तपशील तसाही मिळत नाही, तेव्हा जाडच. पण तो फोटो पोस्टकार्डाहून मोठा करू नये, दाणे दिसतात.

४. हा नियम माझा नाही. देवयानी दीर्घिकेसाठी मी दोन हिवाळे बारीक फिल्मच वापरली. फोटोत दीर्घिकेच्या जागी काहीच नसे. इंदू पंधरा सेकंद मोजायची, मी बोल्टला पाव फेरा द्यायचो. एकदा ती म्हणाली, "अवो, अंधारात तीळ काहून निवडून राहिले? ज्वारी निवडा, थे तरी दिसन." मी रागावलो. मग गुपचूप जाड फिल्म आणली. नोव्हेंबर ८५ मध्ये दीर्घिका उमटली.

तो फोटो शाळेच्या प्रदर्शनात लावला तेव्हा मुकुंद गुरुजींनी विचारले, "वहिनीनं काय केलं, हिरामणभाऊ?" मी म्हटले, "ती फक्त घड्याळ पाहून राहिली होती." ती मागेच उभी होती. त्यानंतर ती मोजायला बसली नाही. हॅलेचा धूमकेतू आला नि गेला. माझ्याकडे त्याचा एक फोटो नाही.

५. म्हणून शाळेतल्या त्या फोटोखाली इंदूचे नाव आधी, माझे नंतर लिहावे. निगेटिव्ह तिची. हे कलम माझ्या मरणासाठी थांबणार नाही, आजपासून लागू. माझ्या आयुष्यात जे काही नीट उमटले, ते तिच्या मोजण्यावर.

वरील मजकूर साक्षीदारांसमोर वाचला तेव्हा इंदू दारात होती. ती बोलली ते जसेच्या तसे: "नागपूरहून वापस या. जाड फिल्म आणून ठेवतो. मंग मोजतो मी."

सही: हिरामण श्रावणजी सोमकुंवर
साक्षीदार: १. मुकुंद बागडे, शिक्षक (फोटोखालची नावे उद्याच बदलतो.) २. पुंडलिकराव ढोके, शिंपी
सौंसर, शुक्रवार, ९ ऑक्टोबर १९८७