लोखंड्याची तिसरी हाक

१२ एप्रिल १९९९, सोमवार. जालना

लागली! नोकरी लागली, आन् तीबी बोलायची. बसल्या जागी बोलायचं आन् पगार घ्यायचा, असं काम जगात असतं हे मला आजपर्यंत ठाऊक नव्हतं.

खरं तर बदनापूरहून मी आल्तो ते अंबडची गाडी धरायला. तिथं एका सर्कशीला रिक्षात बसून भोंग्यावर ओरडणारा माणूस पाहिजे होता. पण स्टेशनबाहेर एक रसवंतीवाला दिसला, त्याच्या चरकाला घुंगरं बांधलेली. त्यांचा ठेका इतका झकास की मी तिथंच उभा राह्यलो आन् गाडी गेली. मंग रिकामा वेळ म्हणून त्याच्याच वतीनं चार आरोळ्या ठोकल्या. त्या ऐकून सफारीतला एक गृहस्थ स्कूटरवरून उतरला. तेच आमचे काकासाहेब, शहरातल्या केबलचे मालक. हा आवाज कुठं कमावला म्हणून विचारलं. म्हणलं, कमावला न्हाई साहेब, आयता आलाय. नववी नापास माणसाजवळ दुसरं आहे काय? ट्रकवर क्लीनर होतो, अडतीत लिलाव पुकारले, जत्रेत मौत का कुआँच्या दारात ओरडलो. जिथं गेलो तिथं गळ्यानंच पोट भरलं.

काकासाहेबांनी मुंबईहून एक जपानी कार्टून आणलंय, मोठ्या लोखंडी राक्षसाचं. ते मराठी करून सुट्ट्यांत पोरांना दाखवायचं. पोरं त्या राक्षसाला लोखंड्या म्हणतात. त्याच्या छातीत बसून त्याला चालवणारा जो पोरगा, त्याचा आवाज मी.

नाव विचारलं तर किरण सांगितलं. खरं सांगितलं की लोक हसतात.

ही डायरीबी त्यांनीच दिली. बियाण्याच्या कुठल्या तरी कंपनीची आहे, दर पानाखाली शेतीचा सल्ला. आजचा सल्ला : उन्हाळी नांगरट करून जमीन तापू द्यावी. बरं.

१४ एप्रिल, बुधवार

स्टुडिओ म्हणजे बियाणं ठेवायची जुनी थंड खोली. भिंतीत थर्माकोल आहे म्हणून बाहेरचा आवाज आत येत न्हाई. थंड करायचं मशीन मात्र कधीच विकून टाकलंय. आवाज येतो म्हणून पंखा बंद ठेवतात, आन् गाव झोपलेलं असतं म्हणून काम भर दुपारी करतात. दार लावलं की आत भट्टी.

पण आतली गंमत बाहेर कुणाला कळायची न्हाई. जपानहून आलेल्या टेपवर दोन बाजू असतात. एका बाजूला त्यांचं बोलणं, दुसरीवर नुसतं संगीत आन् धडामधुडूम. आपण पहिली पुसून मराठी घालायची. काही भागांत दुसरी बाजूबी खराब निघाली, तिथं मुकुंदभाऊंनी डोकं लावलं. मुकुंदभाऊ म्हणजे रेकॉर्डिंगवाले, सडपातळ, कानात कायम कापूस. लोखंड्याचं पाऊल म्हणजे कापसाच्या पोत्यावर टाकलेला रोलिंग मिलमधला लोखंडाचा तुकडा. त्याचा हात सुटून उडतो तो सायकलचा पंप. त्याच्या छातीचं दार उघडतं ते आमच्याच खोलीचं दार. मी लहानपणी असलं बघितलं असतं तर शाळेत टिकलो असतो का? न्हाई, तरीबी टिकलो नसतो.

लिहिण्याचं काम सुहासिनीताई करतात. कन्याशाळेत मराठी शिकवायच्या, आता घरी असतात. कार्टूनमधल्या माणसांची तोंडं नीट हलतच न्हाईत, नुसती बंद, अर्धी, उघडी. त्या मापात मराठी बसवायची. जपानी लोक हो-ला ‘हाय’ म्हणतात हे ऐकून मी हसून लोळलो. ताईंना म्हणलं, मंग हे आमच्या भोकरदनकडचेच हायेत, काढा पाहुण्यांची वळख.

१७ एप्रिल, शनिवार

आज घाम काढला. गोष्ट अशी की लोखंड्या आपणहून सुरू होत न्हाई. तो आधी पोराच्या नावानं हाक मारतो, पोरगा ‘ओ’ देतो, मंग त्याचे डोळे पेटतात. दर भागात हे असतंच. पोराचं जपानी नाव कुणाच्या जिभेवर बसंना म्हणून माझ्याआधीच्या वामन नावाच्या गड्यापासून इथं एक पद्धत पडली. बोलणाऱ्याचं जे नाव तेच पोराचं ठेवायचं. ताईंचं म्हणणं, माणूस सगळी नक्कल करू शकतो, पण खोटी ओ लगेच कळती. खरं नाव कानावर आलं की ओ पोटातून येती.

कानाच्या यंत्रात किरण अशी हाक आली, मी ओ दिली. मुकुंदभाऊ न्हाई म्हणाले. परत. परत न्हाई. शेवटी वैतागून म्हणाले, ही ओ तुझी न्हाई, शेजारच्याची आहे. घरी काय म्हणतात तुला? मी हसून उडवून लावलं.

त्यांना कशाला पाहिजे पण माझं घरचं नाव?

२१ एप्रिल, बुधवार

एक गोष्ट डोक्यातून जात न्हाई. लोखंड्याचा आवाज कोण काढतो?

मी काकासाहेबांना विचारलं. म्हणाले, मुकुंदच काढत असंल. मुकुंदभाऊंना विचारलं तर म्हणाले, छे, काकासाहेब औरंगाबादेत करून घेतात. सुहासिनीताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, मी लोखंड्याचे संवाद लिहिते, मंग टेपवर ते ऐकू येतात, मला वाटलं तुम्हीच कुणी बोलता. तिघं खरं बोलून राह्यले का तिघं मिळून माझी फिरकी घेऊन राह्यले, कळंना. काकासाहेब वरून म्हणाले, आवाज बराबर येतो ना? मंग तुला काय त्याचं बारसं करायचंय?

दुपारी मुकुंदभाऊ चहाला गेल्ते. मी मराठीची बाजू बंद करून नुसती संगीताची बाजू लावली. तिथं बोलणं असायलाच नको.

तिथं लोखंड्या बोलून राह्यल्ता. मराठीत. किरण, म्हणून.

२४ एप्रिल, शनिवार

ताईंनी घरून धपाटे आणले होते. धपाटे आन् दही पोटात गेलं की मी कुणालाबी काहीबी सांगतो, ही माझी खोड. त्यांनी लाडात विचारलं आन् मी सांगून बसलो की मी किरण-बिरण न्हाई, कचरू. माझ्याआधी मायची दोन लेकरं गेली. म्हणून मला जन्मल्या जन्मल्या उकिरड्यावर ठेवलं. साळूबाई सुईणीनं उचलून पदरात घेतलं आन् मूठभर ज्वारीला मायला परत विकलं. नाव कचरू, म्हणजे मरणानं बघितलं तरी त्याला वाटावं, कचरा हाय, राहू दे. ताईंचे डोळे भरून आले. मलाबी मंग चेव आला. मायचा नेमबी सांगितला, भर दुपारी कुणी नावानं हाक मारली तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची न्हाई. जे वाईट असतं ते दोनदाच हाक मारतं.

ताई म्हणाल्या, किती छान. हे घेते मी पुढच्या भागात.

तेव्हा मी खूश झालतो. आता लिहिताना बरं वाटंना.

२७ एप्रिल, मंगळवार

वामन सापडला. जुन्या जालन्यात त्याच्या भावाचं कापडाचं दुकान आहे. काकासाहेब सांगतात की बर्फाचे गोळे खाऊन त्याचा घसा बसला. म्हणलं भेटून यावं, धंद्यातल्या चार गोष्टी कळतील. गेलो, म्हणलं राम राम, मी लोखंड्यावाला नवा माणूस. त्याच्या हातातला कापड मोजायचा गज खाली पडला.

तोंड उघडून तो काय काय सांगत होता, पण काहीच येईना. मला वाटलं नाटक करतोय, मी हसलोबी. मंग त्याला ठसका लागला. छाती हलून राह्यली, डोळ्यात पाणी, आन् ठसक्याचाबी आवाज न्हाई. मी हसायचा थांबलो. त्यानं माझ्या कानाला हात लावला आन् मंग तळहात माझ्या तोंडावर दाबला. जोरात. भावानं ओढून बाजूला केला.

येऊन आधी जुन्या कॅसेटी लावल्या, त्यात पोराचा आवाज वामनचा. पहिल्या सगळ्या भागांत लोखंड्या बोलतच न्हाई, हाकेच्या जागीबी नुसता घरघरतो, आन् वामन त्यालाच ओ देतो. वामन सोडून गेला त्याच्या पुढच्या भागापासून बोलतो.

वामनच्या आवाजात.

२८ एप्रिल, बुधवार

आजच्या भागात पोराचं नाव बदललं. ताईंनी किरण खोडून कचरू लिहिलं. ओठाला बराबर बसतं म्हणाल्या, आन् तुझी ओपण खरी येईल. त्यांच्यावर चिडावं तर त्या एवढ्या साध्या तोंडानं सांगतात. का साधेपणा दाखवून राह्यल्या?

संगीताची बाजू लावली. ताईंनी नाव आज सकाळी लिहिलं. टेप मुंबईहून परवाच आली, तिचं सील मी स्वतः फोडलं.

कचरू. कचरू.

दोनदा. वामनचा आवाज. मी ओठ दाताखाली धरले. मुकुंदभाऊ काचेपलीकडून हात हलवून राह्यले, दे, दे म्हणून. मी न्हाई दिली. म्हणलं घसा धरलाय. त्यांनी कानातला कापूस काढला न्हाई. आज मला समजलं, कापूस कशासाठी असतो ते.

३० एप्रिल, शुक्रवार

काकासाहेबांनी भाग तसाच लावला, ओ-बिगर. पोरांना काय कळतं म्हणाले. कॅसेटी एसटीनं अंबडला आन् भोकरदनला गेल्या. तिथले केबलवाले दुसऱ्या दिवशी लावतात.

ताई घाबरल्यात. आज त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, तुझ्या मायचा तो तीन हाकांचा नेम मी पुढच्या भागात लिहिला. नुसता कागदावर, अजून कुणी वाचलाबी न्हाई. आन् काल लावलेल्या कॅसेटवर, जिथं दोनदाच होतं तिथं, लोखंड्या—

तीनदा.

आता तिसरी हाकबी त्याची. मंग माणसानं ओ द्यायची कधी?

१ मे, शनिवार

सुट्टी, झेंडावंदन. दुपारी उन्हात गल्ली सामसूम आन् घराघरात तेच चालू. उजव्या घरातून कचरू. डाव्या घरातून कचरू. एका खिडकीतली पोरं मला ओळखून त्याच्याच सुरात ओरडली, कचरूऽ. खी खी करून हसली. नेहमी मी दोन शिव्या हासडल्या असत्या. आज मान खाली घातली.

दिवसभर कुणाशी बोललो न्हाई. रसवंतीवाल्यानं हाक मारली तरी न्हाई. त्याला राग आला, मोठा ऍक्टर झाला का रे म्हणाला.

मुकुंदभाऊंनी सांगितलं, पुढचा भाग तुझ्या ओ-बिगर होणार न्हाई. मी म्हणलं, तुम्ही द्या. त्यांनी कानातला कापूस आत दाबला. मंग म्हणाले, मला बायको-लेकरं हायेत.

म्हणजे ठाऊक होतं. यांना पहिल्यापासून—

उद्या घरी जातो. पगार राहू दे. आवाज राह्यला तर पोट कुठंबी भरंल.

२ मे, रविवार. भोकरदन

मायनं दार उघडलं. मला बघून रडायला लागली. छाती हलते, पदर तोंडावर, आन् आवाज—

न्हाई. न्हाई आवाज.

शेजारच्या केशरबाईनं सांगितलं. काल दुपारी माय तिच्याकडं टीव्ही बघायला गेल्ती, मी धाडलेल्या निरोपावरून, लेकाचा आवाज ऐकायला. त्या लोखंडी मेल्यानं कचरू म्हणून हाक मारली. माय हसली. दुसरी मारली, तरी गप, नेमाची बाई. तिसरी झाली तशी म्हणाली, ओ, न्हाई बाबा कचरू घरी, जालन्याला गेलाय. सगळ्या बाया हसल्या. मंग तिचं तोंड तसंच उघडं राह्यलं.

माझ्या वाटची ओ मायनं दिली. कुणी दारात येऊन नाव घेतलं की ती असंच करायची, मी गावात नसलो की. नेहमी.

दुपार

केशरबाईला टीव्ही बंद करायला लावला. हातानं खुणा करून. तोंड उघडायला भ्या वाटतं, म्हणून सगळं इथं लिहून राह्यलो. आम्हा मायलेकांत आता कुणीच बोलत न्हाई. ती माझ्या म्होरं बसून भाकर मोडून राह्यली.

कापूस घातला कानात.

बाहेर ऊन. टीव्ही सगळीकडं बंद केले का? लांबून कुठून तरी लोखंडाचं पाऊल. पोत्यावर तुकडा टाकलाय, बाकी काही न्हाई. पंप. दार. आमचंच दार ते, थंड खोलीचं. ठाऊक आहे मला सगळं, मी तिथं काम—

कचरू.

वामन न्हाई. वामनचा आवाज न्हाई हा.

कापसातून आरपार. उन्हात खेळून येईना म्हणून मारायची तसली. जेवायला वाढलंय म्हणून मारायची तसली.

कचरूऽ

माय मान हलवून राह्यली. न्हाई, न्हाई, न्हाई. भाकर खाली पडली. तिचं तोंड बंद हाय. मी बघून राह्यलो, बंद हाय. आन् आवाज तिचाच. तिचा आवाज तिथं एकटाच उभा राहून मला बोलवतोय, आन् ओ न्हाई दिली तर तो तसाच उन्हात—

माझ्या तोंडावर हात ठेवला तिनं. घट्ट. तरी पोटातून येऊन राह्यलं, खोटं न्हाई, पोटातूनच, ताई म्हणल्या त्या—

कचरू बाळा

ओ